खिळा पाहून

"भाजीचा पाह्यजे का, बाई?"
शिकलगरानं विचारलं, आणि सरळ पात्याचे
चार लाल मुठीवाले पुढे सरकवले.
मी म्हटलं, मिटणारा दाखव.
कलमांचा.

त्यानं माझ्या मागे पाहिलं, कोणी पुरुष उभा आहे का.
मागे फक्त मिरचीवाली होती, आणि तिचा तराजू.

अकरा हंगाम मी पट्ट्या बांधल्या.
डोमाजी पुढे. जंबेरीच्या खुंटावर वाकून
एक चीर उभी, एक आडवी,
साल उचलून संत्र्याचा डोळा आत सरकवायचा
आणि पुढच्या रोपाकडे जायचा.
मागे मी. प्लास्टिकची पट्टी, तीन वेढे, गाठ.
शेकड्याच्या हिशोबात बांधणारीला एक वाटा,
कापणाऱ्याला तीन.
अकरा हंगाम मी त्याच्या चाकूकडे पाहत आले,
त्यामुळे काय काय बिघडतं ते मला माहीत आहे.

दिवाळीत त्यानं नागपूरहून आणला होता,
बटण दाबलं की उडणारा. पोरं गोळा व्हायची.
संक्रांतीच्या आत बटण दाबलं तरी
पातं विचार करत बसायचं.
मग एक चकचकीत, भांग पाडावा असा.
गंजणार नाही म्हणाले. गंजला नाही.
धारही धरली नाही. दुपारनंतर साल कापायचा नाही,
चावायचा. चावलेल्या सालीत डोळा काळा पडतो,
आणि मालक बांधणारीला बोलतो.
त्यानंतरचा बरा होता. त्याचा स्क्रू पाटात पडला.
अंधार होईस्तोवर आम्ही दोघं चिखल चाळत होतो.

म्हणून मी धार पाहिली नाही.
धार कोणीही लावून देतो.
उघडून पातं डावी-उजवीकडे हलवलं. हललं. ठेवला.
दुसऱ्याच्या फटीतून मिरचीवालीचं लुगडं दिसलं.
तोही ठेवला.
एक कानाजवळ नेऊन मिटला.
"गाणं आयकून रायली काय?"
खट् म्हणाला. एकदाच.
ओळखीच्या माणसानं कडी वाजवावी तसा.

पातं ट्रकच्या पाट्याचं, काळपट. मूठ तिवसाची.
"याले गंज लागते," तो आपणहून म्हणाला,
"रोज पुसा लागन. तेलाचं बोट फिरवजा."
खोड आधी सांगणारा माणूस
मी बाजारात पहिल्यांदाच पाहिला.

मग खिळा. पितळेचा, दोन्हीकडून ठोकलेला.
सैल झाला तं?
"दोन ठोके मारजा, बसते."
हातोडी नाही माह्या घरी.
"वरवंटा आहे ना?"

तिथं ठरलं.

साडेतीनशे सांगितले, दोनशे ऐंशी दिले.
मनात त्याच्या पट्ट्या करायला लागले होते,
मध्येच सोडून दिल्या.
त्यानं चाकू माझ्या हातात दिला नाही,
पोत्यावर ठेवला. "हातोहात पातं देऊ नाई, भांडण होते."
कोणाशी, ते त्यानं सांगितलं नाही.

साडीला खिसा नसतो. पोलक्याला आतून
मी रात्रीच शिवून घेतला होता,
अंदाजानं, बोटभर मोठाच.

परतीच्या काळीपिवळीत डोमाजी समोर बसला होता,
खर्रा मळत. काय घेतलं बाजारातून?
हळद, मी म्हटलं.
गाडी गचके खात होती, आणि प्रत्येक गचक्याला
हळद बरगडीला लागत होती.

घरामागे फुटक्या बादलीत एक जंबेरी आहे,
बी टाकून उगवलेली, कोणाच्या हिशोबात नसलेली.
कंदील नको, उजेड होता अजून.
उभी एक. आडवी एक.
साल उचलली, आतून ओली होती.
पट्टी बांधायला मागे वळले,
मागे कोण असणार.

डोळा थोडा तिरका बसला आहे.
एकवीस दिवसांनी कळेल.